थांबण्याचं खातं

विक्रोळीला पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडून खाडीच्या बाजूला गेलं की कन्नमवार नगर लागतं. राज्याचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांच्या नावाची ही म्हाडाची जुनी वसाहत. कष्टकऱ्यांना परवडतील अशी छोटी घरं इथे बांधली गेली आणि त्याच घरांत आता नातवंडं मोठी झाली आहेत. इमारती थकल्या. जागोजागी पत्रे लागले. एका पत्र्याआड नवा टॉवर चढतो आहे, तर शेजारच्या पत्र्याआड नुसता खड्डा. ही गोष्ट अशाच एका वसाहतीतल्या चार मजली इमारतीची समजा.

इमारतीत 40 बिऱ्हाडं. डाव्या हाताला तितकीच जुनी दुसरी इमारत, दोघींच्या मध्ये जेमतेम साडेतीन मीटरची बोळ. उजवीकडे शाळेची भिंत. मागे कधीकाळी नाला होता, तो बुजवून त्यावर कुणीतरी तुळस लावली होती. समोरचा रस्ता कागदावर रुंद, पण दोन्ही कडांना रिक्षा आणि टेम्पो उभे. एवढ्याशा जागेत जुनी इमारत पाडून नवी उभी करायची होती.

विकासकाकडे जायला कुणी तयार नव्हतं, कारण मागच्या गल्लीतली एक इमारत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. पाडली, वर्षभर भाडं मिळालं, मग भाडं थांबलं. माणसं बदलापूर-विरारला पांगली आणि खड्ड्यात पाणी साचून राहिलं. म्हणून या सोसायटीने स्वयंपुनर्विकास ठरवला. 2019 मध्ये शासनाने त्याला प्रोत्साहन देणारा निर्णय काढला होता आणि जिल्हा बँकेकडून कर्जाची सोय होती. वाढीव चटईक्षेत्रातून जादा फ्लॅट निघतील, ते विकून सभासदांची घरं उभी राहतील, विकासकाला जाणारा नफा आपल्या घरात येईल, हे गणित सर्वसाधारण सभेत सगळ्यांना पटलं. नफ्यासोबत विकासक जी जोखीम अंगावर घेतो तीही आता आपल्याच दारात येणार, हे त्या सभेत कुणी बोललं नाही.

ते बोलल्या प्रकल्प सल्लागार म्हणून नेमलेल्या इंजिनीअर मॅडम. आणि त्यांनी सुरुवात जमिनीपासून केली.

आधीच्या एका अहवालासाठी मातीची चाचणी झाली होती. दोन बोअर, दोन्ही पुढच्या अंगणात, कारण तिथे यंत्र सहज उभं राहतं. मॅडमना मागे, नाल्याच्या जागेवर आणखी तीन हवे होते. "खर्च कशाला? चार पावलांवर जमीन बदलते थोडीच?" खजिनदार म्हणाले. सेक्रेटरी होते अप्पा, कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, करून बघू.

बोअर चालू असताना अप्पा तिथे खुर्ची टाकून बसले. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून नळीवर पडतो आणि नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. पुढच्या अंगणात भरावाखाली लवकरच घट्ट मुरूम लागला होता, ठोके चाळीसच्या वर गेले होते. मागे भरावाचा थर संपला आणि नळी दोन ठोक्यांत आत गेली. पुढच्या खेपेला तर हातोडा अलगद टेकवला तेव्हाच ती आपल्या वजनाने खचली. वर आली ती काळसर, ओशट, खाडीच्या वासाची चिकणमाती. खडक लागला तो पुढच्यापेक्षा 6 मीटर खाली. अप्पांनी त्या मातीचा गोळा हातात घेऊन दाबला, तर तो बोटांच्या फटींतून बाहेर आला. मागच्या बाजूच्या पाइलचा, म्हणजे खडकापर्यंत उतरवायच्या खांबांचा, खर्च वाढणार हे त्यांना तिथेच कळलं. पण तो आज कळला होता, बँकेकडे कर्जाचा आकडा जाण्याच्या आधी.

त्या मातीमुळे तळघरही गेलं. वास्तुविशारदाने गाड्यांसाठी एक तळघर दाखवलं होतं आणि विक्रीच्या फ्लॅटना त्याने चांगला भाव येईल असा हिशेब होता. मॅडमनी ते खोडायला लावलं. खोल खड्डा खणायचा तर पाणी उपसत राहावं लागतं. चिकणमातीतलं पाणी निघून गेलं की ती दबते आणि तिच्यावर पाया टेकवून उभी असलेली इमारत खाली बसते. बसणारी इमारत शेजारची होती, ही नव्हे. समितीतल्या दोघांनी सांगितलं की शेजाऱ्यांचं शेजारी बघतील. अप्पांनी त्या दोघांना बोळीत उभं केलं आणि शेजारच्या तळमजल्याच्या खिडकीत बसलेल्या आजींना हाक मारली. आजींनी तिघांना चहा दिला. तळघराचा विषय त्यानंतर निघाला नाही. गाड्यांची सोय यांत्रिक पार्किंगमध्ये झाली, थोडी कमी.

मग आलं कंत्राट. समितीला एकरकमी कंत्राट हवं होतं. जमिनीखाली काही निघो, भाव वाढोत, पाऊस लांबो, सगळं कंत्राटदाराच्या माथी. एक कंत्राटदार तशी सही करायला तयारही होता, सगळ्यात कमी दराने. असा करार पाहून लोकांना हायसं वाटतं ते मी समजू शकतो, कारण गरिबाच्या घराच्या हिशेबात अनिश्चित रकमेला जागाच नसते. पण मागच्या गल्लीतला करारही असाच होता. ज्याला जमिनीखालचं दिसत नाही आणि ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याच्या माथी जोखीम मारली तर ती तिथे राहत नाही. तो एक तर सळई आणि सिमेंटमध्ये ती वसूल करतो, नाही तर अर्ध्यावर काम टाकून जातो. मॅडमनी पाइलचा दर मीटरवर ठरवला. जेवढे मीटर खाली जाईल तेवढे पैसे, मोजमाप दोघांच्या सहीने. ज्यावर कंत्राटदाराचा ताबा होता, म्हणजे माणसं, यंत्रं, काँक्रीटची गुणवत्ता, सुरक्षितता, ते त्याच्याकडे. जमीन सोसायटीकडे.

आणि मग त्यांनी मागितली राखीव रक्कम. बांधकाम खर्चाचे 8 टक्के, वेगळ्या खात्यात.

सभा तापली. रेरा कायद्याने ग्राहकांकडून येणाऱ्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावेच लागतात, हे सभासदांना माहीत होतं. मग आणखी हे खातं कशाला? भाड्याने राहणाऱ्या 40 कुटुंबांना महिन्याला 20 हजार म्हणजे दरमहा 8 लाख सोसायटी देतच होती. तेवढ्यात कुणाचं भागत नव्हतं. एक वहिनी उठून म्हणाल्या, "पैसे बाजूला ठेवण्यापेक्षा भाडं वाढवून द्या. माझ्या मुलीची शाळा लांब पडली, ती दोन गाड्या बदलून जाते." या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं आणि मॅडमनाही उत्तर सुचेना.

उत्तर अप्पांनी दिलं. त्यांच्या कारखान्यात पत्रा कापायची प्रेस होती. प्रेसला लाल बटण होतं. काही वेडंवाकडं दिसलं की दाबायचं, यंत्र जागच्या जागी थांबायचं. पण पगार नगावर होता. बटण दाबलं की त्या तासाचे नग कमी भरायचे. "आठ वर्षांत ते बटण कुणी दाबलं नाही," अप्पा म्हणाले. "एकाची तीन बोटं गेली तेव्हा त्याच्या शेजारच्याला आधीच दिसलं होतं. तो मला म्हणाला, अप्पा, हात उचलला होता, पण महिनाअखेर होती." सभा गप्प झाली. अप्पांनी सांगितलं की हे पैसे दोनच गोष्टींसाठी वापरायचे. एक, जमिनीखाली जे निघेल त्यासाठी. दुसरं, काम थांबवावं लागलं तर थांबण्यासाठी. थांबलेल्या दिवसाची मजुरी, यंत्राचं भाडं, लांबलेल्या महिन्यांचं घरभाडं, सगळं त्यातून. पैसे काढायला तीन सह्या. काम थांबवायला मात्र सही नको, ज्याला दिसेल त्याने थांबवायचं. ठराव मंजूर झाला, पण 9 जणांनी विरोधात हात वर केला आणि इतिवृत्तात तशी नोंद करायला लावली. वसाहतीत त्या खात्याला नावच पडलं, थांबण्याचं खातं.

मॅडमची एक वही होती, रेघा मारलेली, जाड पुठ्ठ्याची. काय होऊ शकतं, त्याची पहिली खूण कोणती, ती कुणाला दिसेल, त्याने काय करायचं, खर्च कुठून, असे रकाने. क्रेनचा हात शाळेवरून फिरू नये, डंपर शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी आत-बाहेर करू नयेत, मिक्सर रात्री यावेत, अशा नोंदींनी पहिली काही पानं भरली. मजुरांच्या झोपड्या भिंतीलगत बांधायच्या नाहीत, ही नोंद त्यांनी लाल शाईने केली होती. कंत्राटदाराने कुरकुर केली, कारण झोपड्या भिंतीलगतच स्वस्त पडतात, एक बाजू बांधावी लागत नाही. तेव्हा मॅडमनी त्याला पुण्याच्या कोंढव्याची आठवण करून दिली. 29 जून 2019 ला मध्यरात्रीनंतर तिथे सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. 15 माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. भिंतीखाली झोपलेल्या त्या माणसांना जागा बदलायची मुभा कुणी दिली असती का, हा प्रश्न मला अजूनही सतावतो. या कामावरच्या मजुरांसाठी दोन गल्ल्या सोडून खोल्या भाड्याने घेतल्या गेल्या.

पाडकामाआधी शेजारच्या इमारतीचे फोटो काढले. प्रत्येक खोली, प्रत्येक तडा, दोन्ही सोसायट्यांच्या सेक्रेटरींच्या सह्यांसह. जुन्या तड्यांवर काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या आणि शेजारी तारीख लिहिली. भिंत जरा जरी हलली तरी काच तडकते, ती ताणली जात नाही. आजींच्या खोलीत अशा दोन पट्ट्या होत्या, एक खिडकीच्या कोपऱ्यात, एक देवघराच्या वर. रोज पूजा झाल्यावर त्या वरची पट्टी बघायच्या.

मार्चमध्ये पाइलचं काम चालू असताना एका बिगाऱ्याने ओरडून यंत्र थांबवलं. त्याला बोळीतली जमीन भेगाळल्यासारखी वाटली. मॅडम धावत आल्या, मोजमाप घेतलं. भेग जुनी होती, वरची माती उकरली गेल्यामुळे दिसू लागली होती. अर्धा दिवस गेला. मुकादम मान खाली घालून उभा होता, बिगारी त्याच्यामागे. संध्याकाळी त्या अर्ध्या दिवसाची सगळ्यांची मजुरी आणि यंत्राचं भाडं त्या खात्यातून चुकतं झालं. अप्पांनी वहीत नोंद केली आणि बिगाऱ्याला फक्त विचारलं की भेग नक्की कुठून दिसली. पुढे जे घडलं त्यात या फुकट गेलेल्या अर्ध्या दिवसाचा वाटा सगळ्यात मोठा आहे असं मी मानतो.

जूनचा पहिला आठवडा. मागच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी व्हायची होती, 3 मीटर खोल. मॅडमच्या आराखड्यात ती मे महिन्याच्या सुरुवातीला होती, कडेने लोखंडी शीट पाइल ठोकून. शीट पाइलची गाडी आली नाही, मग यंत्र मिळालं नाही, असं करत महिना गेला. मॅडम दोन दिवस पालिकेच्या कार्यालयात अडकल्या होत्या. कंत्राटदाराने मुकादमाला फोन केला. आधार-बिधार राहू दे, चार दिवसांचं काम आहे, पाऊस यायच्या आत खणून तळाचा स्लॅब टाकून मोकळं होऊ.

पोकलेन सकाळी सातला लागला. दुपारपर्यंत दोन मीटर खोल गेला. भरती चढू लागली तसा खड्ड्याच्या कडेतून पाणी पाझरायला लागलं, म्हणून पंप लावला. मुकादम कडेला उभा होता. त्याच्या लक्षात आलं की पोकलेन जेवढं खणतो आहे तेवढा तळ खाली जात नाही, खालची माती फुगून वर येते आहे. त्याने ते पाहिलं आणि तो पाहतच राहिला. फोन शेठचा होता, वर ढग होते, आणि खणणं उद्यापर्यंत व्हायलाच हवं होतं.

साडेतीनच्या सुमारास खिडकीतून आवाज आला. "अरे बाबा, थांबव रे ते यंत्र! देवावरची काच फुटली!"

मुकादमाने हात वर केला. पोकलेनवाल्याने इंजिन बंद केलं. मुकादम आजींच्या खोलीत गेला. पट्टी मधोमध तडकली होती आणि तिच्या दोन तुकड्यांमध्ये नखाएवढी फट होती. खिडकीच्या कोपऱ्यातली पट्टी शाबूत होती. म्हणजे खड्ड्याकडचा कोपराच खाली चालला होता.

त्याने शेठला फोन केला. शेठ म्हणाला, "एका काचेसाठी काम बंद? बादल्या मार आणखी चार, तळ लागेल." मुकादम थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "शेठ, वहीत लिहिलंय. काच फुटली की थांबायचं आणि भरायचं. पोरांची मजुरी खात्यातून मिळते, मार्चला मिळाली होती." त्याने फोन ठेवला आणि मॅडमना लावला.

मॅडमनी पहिल्यांदा पंप बंद करायला सांगितला. पाणी राहू दे खड्ड्यात, तेवढंच वजन कडेला टेकू देईल. मग खणलेली माती आणि पाडकामाचा डबर, जे हाताशी असेल ते खड्ड्यात, कडेपासून सुरुवात करून. तळमजल्यावरच्या आणि त्यावरच्या खोल्यांतल्या लोकांना शाळेच्या हॉलमध्ये न्या. अप्पा चावी घ्यायला मुख्याध्यापकांच्या घरी धावले. अंधार पडेपर्यंत खड्डा भरत आला. आठच्या सुमारास पाऊस सुरू झाला तो रात्रभर कोसळला.

सकाळी मोजलं तेव्हा शेजारच्या इमारतीचा कोपरा आदल्या महिन्यापेक्षा 11 मिलिमीटर खाली होता. त्यानंतरच्या आठवड्यात तो हलला नाही. लोक घरी परतले. आजींच्या देवघरावर नवी पट्टी लागली, नवी तारीख पडली.

कंत्राटदार आणि मॅडम यांच्यात जे बोलणं झालं ते ऐकायला कुणी नव्हतं. शेजारच्या इमारतीची दुरुस्ती कंत्राटदाराने आपल्या खर्चाने केली, कारण खणण्याची पद्धत ही त्याच्या ताब्यातली गोष्ट असं करारात स्पष्ट होतं. मुकादमाला काढून टाकण्याचा त्याचा विचार होता. अप्पांनी लेखी कळवलं की तसं झालं तर पुढचं बिल सभेपुढे जाईल. मुकादम राहिला.

मागच्या भागाचं काम पावसाळाभर बंद ठेवावं लागलं. पुढचे पाइल कॅप चालू राहिले, तरी एकूण 2 महिने लांबले. म्हणजे घरभाड्याचेच 16 लाख. सोसायटीच्या रोजच्या खात्यात तेवढे पैसे त्या महिन्यात नव्हते आणि बँकेचा पुढचा हप्ता जोत्यापर्यंतचं काम झाल्याशिवाय सुटणार नव्हता. मागच्या गल्लीत भाडं थांबलं होतं ते अशाच एखाद्या महिन्यात. इथे 10 तारखेला 40 घरांच्या खात्यांवर 20-20 हजार जमा झाले. दोन गाड्या बदलणाऱ्या त्या मुलीच्या आईलाही मिळाले. ती पुढच्या सभेत काही बोलली नाही. विरोधात हात वर केलेल्या 9 जणांपैकी दोघांनी मात्र वाढीव व्याजाचा हिशेब मागितला आणि अप्पांनी तो पैशापैशाने दिला. तो मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

नोव्हेंबरात शीट पाइल ठोकून टाकी झाली. पाइल यंत्रासाठी रस्त्यावरच्या रिक्षा हलवायला दोन रविवार गेले. रात्रीच्या मिक्सरच्या आवाजाने शाळेपलीकडच्या चाळीतले लोक वैतागले आणि एकदा भांडणही झालं. या सगळ्याच्या नोंदी वहीत आहेत.

भोगवटा प्रमाणपत्र मिळालं तेव्हा त्या खात्यात थोडी रक्कम उरली होती. ती वाटून घ्यावी अशी मागणी आली. समितीने ठरवलं की दोन पावसाळे जाऊ द्यायचे. गळती, बसणारी फरशी, लिफ्टचा खड्डा, काय निघेल ते निघू दे, मग वाटू.

त्याच सुमारास आजींच्या इमारतीनेही स्वयंपुनर्विकासाचा ठराव केला. त्यांची समिती अप्पांकडे आली, आजी बरोबर होत्या. त्यांच्याकडे आलेल्या एका कंत्राटदाराने राखीव खातं वगळलं तर दर कमी करायची तयारी दाखवली होती आणि समितीत तीन जणांना ते पटत होतं. अप्पांनी वहीची झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि जूनचं पान उघडून दिलं. समितीने ते वाचलं. आजींनी वाचलं नाही, त्यांना ते पान पाठ होतं.

"आता नवी इमारत तुमच्या शेजारी," त्या अप्पांना म्हणाल्या. "काचा तुमच्याकडे लावायच्या ना रे?"

"लावा की. माझ्या खोलीत दोन लावा," अप्पा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या सोसायटीने बँकेत खातं उघडलं. सुरुवातीला घरटी 5 हजार जमले. ज्या तिघांचा विरोध होता त्यांपैकी एकाने अजून भरलेले नाहीत.